ऑटिस्टिक मुलांना ऋतूंचे शब्द शिकवताना : सोलापूरच्या वर्गातून

रंगीत_खडू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात विशेष शिक्षिका आहे. वर्गात सहा ते अकरा वर्षांची ऑटिस्टिक मुलं आहेत. काही बोलतात, काही ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतात, काही चित्रकार्डांवरून सांगतात. मार्च आला की 'ऋतू' हा घटक समोर येतो आणि पालक बाजारातून दरवर्षी तीच कार्डं आणतात: बर्फाचा माणूस, पिवळी पानं गळणारं झाड, रंगीत छत्रीखाली उभी मुलगी. मुलं ती पटापट ओळखायला शिकतात. सूर्याचं कार्ड दाखवलं की 'उन्हाळा', सगळ्यांच्या टाळ्या. आणि त्याच दिवशी दुपारी पारा ४० च्या वर असताना तेच मूल अंगणातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवतं, कळवळतं, आणि 'पोळलं' म्हणायला त्याच्याकडे शब्द नसतो.

माझं म्हणणं असं आहे की ऋतूचं नाव सगळ्यात शेवटी शिकवावं. आधी त्या ऋतूत अंगाला काय होतं त्याचे आणि त्या ऋतूत काय मागावं लागतं त्याचे शब्द द्यावेत. पोळतं, घाम, गार, सावली, पंखा, पाणी, टोपी. 'टोपी नको' हेसुद्धा. नकार देता येणं आमच्या मुलांना फार उपयोगाचं असतं.

'उन्हाळा' बोटाने दाखवता येत नाही. माठ दाखवता येतो, कपाळावरचा घाम पुसून दाखवता येतो. अशा पन्नास गोष्टी मिळून उन्हाळा होतो, आणि त्या पन्नास गोष्टी एका नावाखाली आणणं आमच्या बऱ्याच मुलांना जड जातं. शब्द एका चित्राला चिकटला की तिथेच राहतो. लाल छत्री ही छत्री, पण आजोबांची काळी छत्री म्हणजे भलतंच काहीतरी. म्हणून एका शब्दाला निरनिराळ्या वस्तू लावाव्या लागतात, त्याही खऱ्या आणि त्या-त्या हंगामात हाताला लागणाऱ्या.

आमच्या वर्गात होळी झाली की माठ येतो. तो पाझरतो, बाहेरून ओला राहतो, वर ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. एक मुलगा आहे, तो बोलत नाही, पण येता-जाता माठाला गाल लावतो. मी त्याला काही विचारत नाही. शेजारी जाऊन मीही हात लावते आणि म्हणते, "गार." 'गार'चं कार्ड माठाच्या तिवईलाच बांधून ठेवलं. मग ओला रुमाल, कलिंगडाची फोड, कडुलिंबाखालची फरशी, सगळीकडे तोच शब्द आणि तेच कार्ड. पुढे एकदा त्याने आपली तापलेली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि तिवईवरचं कार्ड ओढून आणलं. पाणी बदलून हवं होतं त्याला. तेव्हा मला वाटलं, आता हा शब्द याचा झाला.

दुसरी अडचण आपल्या गावाची आहे. तक्त्यावर 'जून ते सप्टेंबर पावसाळा' असं छापलेलं असतं. सोलापूर पर्जन्यछायेत. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या गेल्या, हे आपण किती वेळा पाहिलंय, आणि जास्तीचा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. नियम घट्ट धरून चालणारं मूल जून उजाडला की रेनकोट घालून बसतं. पाऊस येत नाही, बाहेर रखरखीत ऊन, आणि मुलाच्या लेखी मोठ्यांनी सांगितलेलं खोटं ठरतं. मग रडारड. म्हणून वर्गात आम्ही 'आज' नावाची पाटी ठेवली आहे. मूल दारात जाऊन वर बघतं आणि ऊन, ढग, वारा, पाऊस यांपैकी जे दिसेल त्याचा फोटो लावतं. महिन्याचं आणि आभाळाचं जुळत नसलं तरी पाटी खोटी पडत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बदल. ऋतू बदलला की आमच्या मुलांचं सगळं वेळापत्रक हलतं. सकाळची शाळा सुरू होते, डबा बदलतो, पंखा लागतो आणि त्याचा आवाज सुरू होतो, स्वेटर जातो. या उलथापालथीलाच मूल 'उन्हाळा' म्हणून ओळखत असेल. त्यामुळे 'बदल' हेही एक कार्ड आहे. ते आठवडाभर आधी दिनक्रमाच्या पट्टीवर लागतं आणि रोज त्याच्यासमोर उभं राहून आम्ही सांगतो, काय बदलणार आणि काय तसंच राहणार.

तुम्ही घरी, वर्गात काय करता? सविस्तर लिहा.

—

अशोकचौक

ताई, बरं झालं धागा काढलात. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. नातेवाईक एकसारखे सांगतात, एकच भाषा ठेवा, नाहीतर हा बोलायचाच नाही. पण दिवसभर तो सासूबाईंपाशी असतो आणि त्यांना मराठी कामापुरतंच येतं. त्यांनी 'गार' कुठल्या भाषेत म्हणायचं?

दुसरं म्हणजे स्वेटर. संक्रांतीच्या सुमारास कसाबसा घालायला लागला, आता एप्रिल तोंडावर आला तरी काढू देत नाही. गळ्याला घामोळं उठलंय. जबरदस्तीने काढला की स्वतःच्या हाताला चावतो. काय करू?

—

स्वरयंत्र

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ, मूळची बार्शीची, सध्या पुण्यात.

अशोकचौकताई, आजींनी तेलुगूतच म्हणावं. घरात दोन भाषा असल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. जिच्यापाशी मूल दिवस काढतं त्या आजीने अडखळत परक्या भाषेत दोन शब्द बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत भरभरून बोललेलं केव्हाही चांगलं. कार्डावर चित्र एकच ठेवा. शाळेत ताई मराठीत म्हणतील, घरी आजी तेलुगूत. मूल दोन्ही जोडतं.

रंगीत_खडू, तुमचं बरंचसं पटलं. विशेषतः काही न विचारता शेजारी जाऊन शब्द ठेवणं. आपल्याकडे मुलाला दिवसभर परीक्षेला बसवतात: हे काय आहे? सांग ना! काल सांगितलं होतंस की! प्रश्न बंद करून नुसतं आपण बोलावं. कार्ड किंवा टॅब वापरणारं मूल असेल तर आपण बोलताना तेच कार्ड स्वतः दाखवावं. तसं पाहिलं तर लहान बाळही वर्षभर नुसतं ऐकतं, तेव्हा कुठे पहिला शब्द येतो. कार्ड वापरणाऱ्या मुलाला मात्र पहिल्याच दिवशी 'दाखव' म्हणून सांगितलं जातं.

पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. शब्द हंगामातच शिकवायचे म्हटलं तर सोलापुरात पावसाचे शब्द शिकवायला वर्षातून किती दिवस मिळणार? 'ओलं', 'थेंब', 'टपटप', 'चिखल', 'थांबलं' यांसाठी पावसाची वाट बघू नका. न्हाणीघरातला शॉवर आहे, झाडांना पाणी घालायची झारी आहे, कुंडीतली माती आहे. आणि सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी येण्याचा दिवस हा घरातला केवढा मोठा प्रसंग असतो! बादल्या, पिंप, पाइप, ओली फरशी, धावपळ. तो दिवस मुलाला पाठ असतो. त्या दिवशी शब्द द्या. पुढे खरा पाऊस आला की तेच शब्द बाहेर आभाळाखाली म्हणायचे.

ऐकलेली वाक्यं परत म्हणणाऱ्या मुलांबद्दलही लिहिते. माझ्याकडे येणारी एक मुलगी गरम झालं की म्हणायची, "खिडकी उघड गं, जीव जातोय." आजीचं वाक्य, आजीच्याच सुरात. पालकांना ते निरर्थक वाटत होतं. पण ते तिचं 'उकडतंय' होतं. अख्खं वाक्य आधी येतं, त्याचे तुकडे नंतर सुटतात. तिला 'उकडतंय' म्हण असं शिकवण्याआधी आम्ही उठून खिडकी उघडली. वाक्य उपयोगी पडतंय हे तिला कळलं. काही महिन्यांनी तिने स्वतःच 'खिडकी उघड' एवढंच वेगळं काढलं.

टॅब किंवा मोबाइल असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे अ‍ॅप बघा. फुकट आहे आणि मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. मात्र अ‍ॅप आलं म्हणून कागदी कार्डं फेकू नका. उन्हात मोबाइलचा पडदा धड दिसत नाही आणि चार्जिंग नेमकं नको तेव्हा संपतं.

—

नक्षत्रवेडा

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान मोठेपणी झालं. स्वेटरबद्दल आतून काय वाटतं ते सांगतो.

स्वेटर थंडीसाठी अंगात नसतो. त्याचा दाब ओळखीचा असतो, लोकर कुठे टोचते ते ठाऊक झालेलं असतं. तो काढला की हाताला वारा लागतो, शर्टाची शिवण जाणवते, आणि पुढे काय होणार हे कोणी सांगत नाही. ताई, तुम्हाला दिसायला कपडा काढला एवढंच दिसतं, मुलासाठी मात्र अंगावरची जागाच बदलते. मला लहानपणी आईने मधली पायरी दिली होती. अंगाला घट्ट बसणारा सुती बनियन स्वेटरच्या आतून घालायचा. मग स्वेटर नुसता खांद्यावर. मग मांडीवर. मग ट्रंकेत. ट्रंकेच्या झाकणावर स्वेटरचा फोटो चिकटवलेला होता, त्यामुळे तो हरवला नाही, इथे आहे, हे मला उघडून बघता यायचं. मी बघायचोही, दिवसातून अनेकदा. 'थंडीत परत' असं त्यावर आईने लिहिलं होतं. 'परत' हा शब्द मला तिथे कळला.

अजून एक. तहान, उकाडा, थकवा हे शब्द आमच्यातल्या बऱ्याच जणांना का अवघड जातात, तर ती जाणीव आतून नीट पोचतच नाही. मला आजही तहान लागल्याचं कळत नाही, डोकं दुखायला लागलं की मी पाणी पितो. म्हणून 'तहान लागली की पाण्याचं कार्ड दाखव' ही सूचना काही मुलांना लागू पडणार नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते धोक्याचं आहे. पाणी घड्याळावर द्या आणि देताना शब्द म्हणा.

मला ऋतू माणसांनी समजावून कधी समजले नाहीत, पंचांगाने समजले. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं: कोल्हा, बेडूक, म्हैस, मोर, गाढव, हत्ती. कुठल्या तारखेला कुठलं नक्षत्र आणि त्याचं वाहन काय, हे मला तोंडपाठ असायचं. घरचे म्हणायचे, हे वेड बंद कर. शेजारच्या आजोबांनी मात्र विचारलं, "मग आज काय रे, बेडूक की म्हैस?" गावात गप्पा मारायला मिळालेला तो माझा पहिला विषय. ज्या मुलाला कॅलेंडर, आकडे, यादी आवडते त्याला ऋतू त्याच दारातून आत येऊ द्या.

—

सातरस्ता

मी एका बारा वर्षांच्या मुलाचा बाबा. वरच्या पाण्याच्या मुद्द्याला जोडून.

आमच्या मुलाला ऑटिझमसोबत फिट्सचा त्रास आहे. त्यासाठी जे औषध चालू आहे त्याने घाम कमी येतो. डॉक्टरांनी उन्हाळ्याआधी हे मुद्दाम समजावून सांगितलं. काही औषधांनी असं होतं, तेव्हा ज्यांच्या मुलांना रोजची औषधं आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना हे जरूर विचारावं.

शब्द शिकवण्याशी त्याचा संबंध असा, की वर्गातल्या सगळ्यांना 'घाम' शिकवला आणि आमच्या पोराला तो येतच नाही. कपाळाला हात लावतो, कोरडं. त्याच्या दृष्टीने तो शब्द निकामी. मग आम्ही त्याला आरशासमोर नेऊन 'गाल लाल' शिकवलं. गाल लाल दिसले की ओला टॉवेल मानेवर आणि पंखा. आता बाहेरून आला की स्वतः आरशात बघतो. मुद्दा असा की शब्दांची यादी सगळ्या वर्गाला एकच नको, ज्याच्या-त्याच्या अंगाप्रमाणे हवी.

—

मंगळवेढेकर

नमस्कार ताई. मी शेतकरी माणूस, शाळेतलं मला काही कळत नाही, पण नातवाचं सांगतो. तो ऑटिस्टिक आहे, सोलापुरात शिकतो, सुट्टीला आमच्याकडं येतो. थंडीचं शिकवायचं असेल तर त्याला शेतात आणा बघा.

हुरड्याच्या दिवसांत आम्ही आगटी करतो. खड्डा, त्यात गोवऱ्या, निखारा झाला की कणसं आत सारायची. पोरगं आधी लांब बसतं, धूर आवडत नाही त्याला. वाऱ्याची दिशा बघून त्याला धुराच्या उलट्या अंगाला बसवायचं. कणीस बाहेर काढलं की मी हातावर चोळतो. गरम असतं, म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात टाकतो, फू फू करतो. त्याला हे चोळणं लई आवडतं. त्याच्या तळहातावर माझा हात ठेवून आम्ही दोघं चोळतो, दाणे सुटतात, कोंडा उडतो. 'चोळ', 'फुंक', 'गरम', 'अजून' हे शब्द तिथं आले. शेंगाचटणी नको म्हणतो, गूळ हवा असतो. 'गूळ' स्पष्ट म्हणतो.

पहाटे तोंडातनं वाफ निघती तीपण दाखवली. ती बघून हसला. मग आम्ही दोघं ओट्यावर बसून नुसती वाफ सोडत होतो.

—

मोहोळचा_मास्तर

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वर्गात एक ऑटिस्टिक विद्यार्थी आहे, बाकी तीसेक मुलं. सगळं वाचलं, आवडलं, पण माझी अडचण वेगळी आहे. परिसर अभ्यासात प्रश्न येतो, 'मुख्य ऋतू किती व कोणते?' बाकीची मुलं एका सुरात म्हणतात: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. हाही त्यांच्याबरोबर म्हणतो आणि त्याला त्यात आनंद होतो. तुम्ही म्हणता नाव शेवटी. मग मी त्याला या सुरातून बाहेर ठेवू का? अर्थ नंतर येईल, पण आज तो सगळ्यांबरोबर म्हणतोय, याला काही मोल नाही का?

आणि मूल्यमापन कसं करायचं? पेपरात तो 'छत्री केव्हा वापरतात' याला उत्तर देतो 'बाबा'. कारण छत्री बाबा वापरतात.

—

अशोकचौक

नक्षत्रवेडा दादा, वाचून डोळे भरून आले. बनियन आतून घालायला कालपासून सुरुवात केली, तेवढं चालवून घेतलं त्याने. ट्रंकेचा फोटोही काढलाय.

गड्ड्याबद्दल, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेबद्दल पण कोणीतरी लिहा. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, सगळं गाव पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर असतं, आमचं घर मिरवणुकीच्या वाटेजवळ. हलगी सुरू झाली की हा कपाटात जाऊन बसतो. होम मैदानावरचे पाळणे मात्र त्याला बघायचे असतात.

—

रंगीत_खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

स्वरयंत्रताई, पाणी येण्याच्या दिवसाचं एकदम पटलं, उद्यापासून करते. खऱ्या पावसाची सर मात्र मी सोडणार नाही. सर आली की हातातला धडा बाजूला ठेवून आम्ही व्हरांड्यात जातो. शॉवरला मातीचा वास नसतो, पत्र्यावरचा आवाज नसतो, आणि आमच्यातल्या काहींना नेमका तो आवाज सहन होत नाही. 'आवाज नको' आणि 'आत चल' हे पावसाचे शब्द शॉवरखाली मिळायचे नाहीत.

सातरस्ता, 'गाल लाल'चा आरसा आम्हीही वर्गात लावतो. आणि कोणाला कुठलं औषध आहे याची टिपण आता शब्दांच्या यादीशेजारी ठेवणार.

अशोकचौकताई, गड्ड्याचे पाळणे यात्रेच्या आधीच उभे राहायला लागतात. सकाळच्या वेळी, गर्दी नसताना त्याला होम मैदानावर न्या. बंद पाळणा बघू द्या, लोखंडाला हात लावू द्या, फोटो काढा. 'बंद', 'सुरू', 'उंच', 'रांग' हे शब्द तिथेच द्या. मिरवणुकीच्या दिवशी कपाटात बसतो तर बसू दे. ती त्याची सुरक्षित जागा आहे. आत उशी ठेवा, कानावर आवाज कमी करणारे हेडफोन द्या आणि कपाटाच्या दाराला आतून 'संपलं की बाहेर' अशी चित्रपट्टी लावा. मिरवणूक दाराशी येऊन पुढे गेली की पट्टीवरचं चित्र उलटं करायचं.

मास्तर, तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याला सुरातून अजिबात बाहेर काढू नका. सगळ्यांबरोबर म्हणणं ही त्याची जागा आहे. मी 'शेवटी' म्हणते ते अर्थाबद्दल. म्हणता आलं म्हणून समजलं असं धरून पुढे जाऊ नये, एवढंच.

नाव आम्ही कसं देतो ते सांगते. उन्हाळाभर वर्गात वापरलेले फोटो आम्ही फेकत नाही. माठ, कलिंगड, बंद खिडकीचा पडदा, सकाळच्या शाळेचं घड्याळ, टोपी, कैरीचं पन्हं, सगळे एका डब्यात साठवतो. सुट्टी लागायच्या आधी मुलं डबा उघडून एकेक फोटो हातात घेतात. तेव्हा डब्यावर चिठ्ठी लागते: 'उन्हाळा'. पन्नास गोष्टी हातातून गेलेल्या असतात, त्यांना आता एक नाव मिळतं. पुढच्या वर्षी होळीनंतर तोच डबा पुन्हा काढायचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी काही मुलं माठ बघून स्वतःच डब्याकडे जातात.

मूल्यमापनासाठी पेपरातला प्रश्न उलटा फिरवा. 'छत्री केव्हा वापरतात' असं विचारण्याऐवजी तीन डबे आणि दहा वस्तू समोर ठेवा: स्वेटर, छत्री, माठाचं झाकण, तिळगूळ, रेनकोट, असं काही. कुठली वस्तू कुठे ठेवतो ते बघा आणि नोंदवा. छत्री दोन डब्यांत ठेवली तरी बरोबर धरा, आपल्याकडे उन्हातही छत्री लागतेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे आणि मूल्यमापनात गरजेनुसार बदल करून घेणं हा त्या मुलाचा हक्क आहे. मुख्याध्यापकांना हे लेखी द्या. आणि 'बाबा' या उत्तराला माझ्या वर्गात गुण मिळाले असते. छत्री बाबा वापरतात हे त्याने पाहिलेलं आहे. 'बाबा छत्री केव्हा घेतात?' असं पुढे विचारून बघा.

मंगळवेढेकर काका, थंडीत आमचा वर्ग तुमच्या शेतात आणायचा विचार आहे. सात-आठ मुलं, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस. धुराच्या उलट्या अंगाला बसायचं लक्षात ठेवलंय. गूळ आम्ही आणू.

ज्यांना वर्गातल्या फोटोंचा संच हवा असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा. त्यात मुलांचे चेहरे नाहीत, फक्त वस्तू आहेत. उन्हाळ्याचे फोटो तयार आहेत, पावसाचे पाऊस आल्यावर.

—

मोहोळचा_मास्तर

तीन डबे आणि वस्तू उद्याच वर्गात ठेवतो. बाकीच्या मुलांनाही त्यातूनच विचारणार आहे, सगळ्यांनाच आवडेल. संच पाठवा ताई, निरोप केलाय.